बॉलमधलं तिसरं भोक

आमच्या घरातल्या सगळ्या पडद्यांना खाली वीतभर दुमड आहे. बदलीच्या नोकरीत हे आपोआप अंगात येतं. या क्वार्टरची खिडकी बुटकी आहे, पण पुढच्या गावची उंच निघाली तर? म्हणून कापड कापायचं नाही, आत दुमडून टीप मारायची. मुलीच्या शाळेच्या स्कर्टलाही मी तशीच दुमड ठेवायचे. रिकामी खोकी टाकायची नाहीत, भिंतीत मोठा खिळा ठोकायचा नाही, कुठलीच गोष्ट कायमची करायची नाही. या सवयीचं मला फार कौतुक होतं. आता ते बोलून दाखवायची लाज वाटते, कारण मी मुलीच्या बॉलिंगच्या बॉलमध्येही अशीच एक दुमड ठेवली आणि तिची निवड घालवली.

मी मूळची साताऱ्याची, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो तिथेच राहिला. चंदीगडला आम्ही दोघीच, मी आणि मुलगी. बॉलिंग म्हणजे क्रिकेटमधलं नव्हे, मॉलमध्ये गुळगुळीत लाकडी लेनवरून जड बॉल घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायचा खेळ. बंगळुरूला असताना मी तो शिकले आणि खात्याच्या स्पर्धांमध्ये बऱ्यापैकी खेळले. मधली दोन बोटं आणि अंगठा बॉलच्या तीन भोकांत घालायचे, हात सरळ मागे न्यायचा, शेवटच्या पावलाला डावा पाय घसरत पुढे आणायचा आणि बॉल अलगद सोडायचा. आवाज होता कामा नये. लोक वळून बघायचे माझ्याकडे, खोटं कशाला बोलू. मुलीला मी असंच शिकवलं, आणि ती अगदी माझ्यासारखी खेळायची.

चंदीगडला आल्यावर मात्र तिचं बिनसलं. म्हणजे मला तसं वाटलं. एका रविवारी मॉलमध्ये तिने अंगठा भोकातून काढला, डावा हात बॉलवर ठेवला आणि कमरेत वाकून, दोन्ही हातांनी बॉल धरून धावत सुटली.

"काय गं, हंडा ओतायला निघालीस का?" मी म्हणाले.

"मम्मा, देखो तो सही," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं ते हिंदीत.

बॉल लेनच्या अगदी कडेने गेला. मी मनात म्हटलं, पडला लेनशेजारच्या नाल्यात. तेवढ्यात तो काहीतरी विसरल्यासारखा आत वळला आणि एवढ्या जोरात आदळला की शेजारच्या लेनवरची पंजाबी पोरं ओरडली. दहाच्या दहा पिना पडल्या. मी म्हणाले, लागला एखादा.

पण तो एखादा नव्हता. दुसऱ्या हाताचा आधार असला की अंगठ्याची गरज उरत नाही, आणि अंगठा नसला की बॉलला फिरकी भरपूर मिळते. तिने मोबाइलवर मला परदेशातल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धा दाखवल्या. दोन हातांनी टाकणारे तिथे सरळ किताब नेत होते. सुरुवातीला म्हणे त्यांनाही हिणवलं जायचं, हा लहान मुलांचा प्रकार आहे, ही लबाडी आहे. नियमांनी मात्र त्यांना अडवलं नाही, आणि आता तर प्रशिक्षकच मुलांना तसं शिकवतात. मुलगी हे सगळं मला एखाद्या वकिलासारखं पटवून देत होती आणि तिचं बरोबर आहे हे मला कळत होतं. तेच झोंबत होतं. मी म्हणाले, "पाठ धरेल तेव्हा आठवेल आई."

तिच्या सरावाला मात्र मी न चुकता जायचे. कुणी म्हणू नये की आईने सोडलं. मागच्या खुर्चीत बसायचे, एका हातात कॉफीचा कप, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली. पिना पडल्या की मान हलवायचे. तेवढं पुरे होतं, असं मला वाटायचं.

ती बारावीत गेली तेव्हा तिला स्वतःचा बॉल घेऊन दिला. निवड चाचणी तोंडावर होती. शहराच्या संघात जागा मिळाली तर तिला राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येणार होतं, आणि गेले कित्येक महिने ती दुसरं काही बोलत नव्हती. असा बॉल कोरा येतो. खेळणाऱ्याच्या बोटांच्या मापाने त्याला भोकं पाडून घ्यावी लागतात, आणि ते काम दिल्लीत होतं. मला ऑफिसच्या कामाने दिल्लीला जायचंच होतं. तिची परीक्षा असल्यामुळे ती येऊ शकत नव्हती, म्हणून तिच्या दोन बोटांची मापं मी सोबत नेली.

दुकानदाराने विचारलं, "मॅडम, अंगूठा?"

नाही म्हणायचं होतं. फक्त एक शब्द. पण माझ्या मनात ती पडद्याची दुमड आली. आज दोन हात आहेत, उद्या हे खूळ उतरलं तर? परत एका हाताने खेळावंसं वाटलं तर बॉल पुन्हा दिल्लीला कोण आणणार? असू दे, पुढे लागेल.

"कर दीजिए," मी म्हणाले, आणि मापासाठी माझा स्वतःचा अंगठा पुढे केला. आमचे हात अगदी सारखे आहेत, असं सगळे म्हणतात.

घरी आल्यावर मुलीने बॉल उलटासुलटा करून पाहिला. "ये तीसरा क्यों?"

"सवयीने पाडलं असेल त्याने. असू दे, तुझं काय जातं?"

तिने खांदे उडवले. सरावात त्या भोकाचा काही त्रास झाला नाही. बॉल असा वळायचा की जवळच्या खरड गावच्या कॉलेजची मुलं आपला खेळ थांबवून बघायला यायची.

चाचणीच्या सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती. वाटेत प्रत्येक लाइट पॉइंटला, म्हणजे इथल्या भाषेत सिग्नलला, गाडी थांबली की तिच्या पायाचा ठेका ऐकू यायचा. मॉलमध्ये पोचल्यावर आधी बॉलची तपासणी होती. टेबलामागचे सरदारजी वयस्क होते, मायेने बोलणारे. त्यांनी बॉल हातात घेतला, तिला विचारलं, "बेटा, टू हँडेड? अंगूठा नहीं डालती?" ती म्हणाली, "नहीं अंकल." त्यांनी तिसऱ्या भोकावर बोट ठेवलं. "फिर ये बॉल नहीं चलेगी, पुत्तर."

मला वाटलं त्यांचीच काहीतरी गफलत आहे, आणि मी तावातावाने पुढे झाले. माझ्या काळी असं काही नव्हतं. पण आता नियम आहे. बॉल सोडताना ज्या भोकात बोट नाही, असं भोक बॉलला चालत नाही, कारण रिकाम्या भोकाने वजनाचा तोल बदलतो. दोन हातांच्या खेळाला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त मी पाडून घेतलेल्या भोकाला. मॉलच्या बॉलना सगळ्यांना तीन भोकं, आणि दुसऱ्या मुलांच्या दोन भोकांच्या बॉलमध्ये हिची बोटं हलत होती. अंगठा घालून दोन हातांनी टाकायचा प्रयत्न तिने सरावाच्या लेनवर केला, तर बॉल हातातून सुटेचना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या सरदारजींसमोर म्हणायला हवं होतं की चूक माझी, मुलीची नाही. मी काय म्हणाले? "त्या दिल्लीवाल्याला मी बघतेच." एवढं बोलून मोबाइल काढून फोन लावल्याचं नाटकही केलं.

मुलीने बॉल घेतला, अंगठा तिसऱ्या भोकात घातला आणि लेनसमोर उभी राहिली. एका हाताने.

हात सरळ मागे गेला, डावा पाय घसरत पुढे आला, बॉल अलगद सुटला. जराही आवाज झाला नाही. मीच उभी होते तिथे, वीस वर्षांपूर्वीची. बॉल सरळ मधोमध गेला आणि दहाही पिना पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या. उठून उभी राहिले आणि जोरजोरात वाजवल्या. काय झालंय, कशामुळे झालंय हे सगळं त्या क्षणी मी विसरले होते, किंवा विसरलेही नव्हते, मला फक्त आनंद झाला होता. मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर तिचा बॉल भरकटत गेला. इतक्या दिवसांत सुटलेली सवय एका सकाळीत परत येत नाही. यादीत तिचं नाव आलं नाही. सरदारजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती सगळ्यांना थँक्यू म्हणाली आणि आम्ही निघालो.

गाडीत ती बॉलची बॅग मांडीवर घेऊन बसली होती. मी दिल्लीवाल्याला बोलत राहिले, नियम करणाऱ्यांना बोलत राहिले, समोरच्या रिक्षावाल्यालाही बोलले. घरी आल्यावर तिने बॉल डायनिंग टेबलावर ठेवला, घरंगळू नये म्हणून खाली टॉवेल लावला आणि म्हणाली, "हात दे, आई."

मराठीत म्हणाली. मी हात दिला. तिने माझा अंगठा धरून तिसऱ्या भोकात घातला. तो असा बसला की फट उरली नाही.

"मला जरा सैल होत होतं," ती म्हणाली.

मी भडाभडा बोलू लागले. पुढची सोय म्हणून केलं, वाईट हेतू नव्हता, तुझ्या भल्यासाठीच. पडद्यांचं उदाहरणसुद्धा दिलं मी तिला. तिने सगळं ऐकून घेतलं. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडायला मी तयारच होते.

"भोकाचं जाऊ दे," ती म्हणाली. "ते भरून मिळतं. पण तू टाळ्या वाजवल्यास, आई. मी दोन हातांनी खेळायला लागल्यापासून एकदाही वाजवल्या नव्हत्यास."

कॉफीचा कप आठवला, बाटली आठवली. दोन्ही हात मी कसे कायम गुंतवून ठेवले होते ते आठवलं.

पुढच्या आठवड्यात रजा काढून मी दिल्लीला गेले आणि ते भोक भरून आणलं. मिसळून जाणारा रंग होता दुकानदाराकडे, तरी नीट पाहिलं तर गोल दिसतोच. मुलगी अजून खेळते, दोन हातांनी, आणि पुढच्या चाचणीची तयारी करते आहे. मी मागच्या खुर्चीत बसते, बॅग जमिनीवर ठेवते आणि तिच्या प्रत्येक बॉलला टाळ्या वाजवते. ती वळून बघत नाही.