ओली सरकी आणि माझी मुलाखत

मुलाखतीत काय करू नये, हे मला तोंडपाठ होतं. आमच्या कृषी विद्यालयातल्या एका सरांनी ते घोकूनच घेतलं होतं. सांगितल्याशिवाय बसू नये. विचारल्याशिवाय बोलू नये. ‘मले-तुले’ घरी ठेवून जावं. आणि मालक म्हणेल त्याला ‘होय सर’ म्हणावं. अर्ध्या तासात मी यातलं जे करू नये ते सगळं केलं आणि जे करावं ते ‘होय सर’ तेवढं राहून गेलं.

गोष्ट साठच्या दशकाच्या अखेरची. कारंजा लाडच्या एका जिनिंग फॅक्टरीत शिकाऊ ग्रेडरची एक जागा होती. गाड्यांमधून आलेला कापूस पारखायचा आणि त्याचा दर्जा सांगायचा, असं एका हंगामाचं काम. पण तो हंगाम केल्याचा दाखला आणल्याशिवाय आमच्या विद्यालयाचं प्रमाणपत्र मिळत नव्हतं. जागा एक, आम्ही पाच. बाकी चौघांचा कोणी ना कोणी काका-मामा फॅक्टरीत ओळखीचा होता. माझी ओळख आसेगावच्या वावरातल्या डवऱ्याशी, म्हणजे बैलांनी ओढायच्या कोळप्याशी, आणि जागा हुकली तर तो बैलांसकट माझी वाट पाहत उभाच होता.

चुलतभावाचा टेरिलीनचा शर्ट मागून घातला होता. त्या शर्टानं घाम शोषायला साफ नकार दिला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेरून साहेब आणि आतून नुकता विहिरीतून काढलेला होतो.

खोलीत दोन माणसं. एक शेटजी, फॅक्टरीचे मालक. दुसरे त्यांचे ग्रेडिंगचे साहेब, परगावचे, चष्मेवाले. ‘बस’ असं कोणीच म्हणेना. थोडा वेळ उभा राहिलो, मग कोपऱ्यात एक मऊसं गाठोडं दिसलं त्यावर टेकलो. त्यात नमुन्याचा कापूस होता. साहेब शांतपणे म्हणाले की सकाळपासून पारखलेल्या सगळ्या मालाचा दर्जा तू एका बैठकीत खाली आणलास.

मग त्यांनी माझ्या हातात कापसाचा एक पुंजका ठेवला. धाग्याची लांबी, रंग, कचरा, सगळं मी पुस्तकातल्यासारखं म्हणून दाखवलं. कापूस खरंच देखणा होता. ‘पहिला दर्जा’ हे शब्द जिभेवर आले होते. पण हात लहानपणापासून वावरात वाढलेले. त्यांनी मला न विचारताच पुंजक्यातली एक सरकी काढून दाताखाली टाकली. आमच्याकडे कापूस असाच पारखतात. सरकी वाळलेली असली की कट्ट वाजते. ही मुकाट्यानं चेपली.

“तो खायला दिला नव्हता,” साहेब म्हणाले.

माझी सगळी पुस्तकी भाषा तिथंच संपली. “सायेब, याले पाणी मारेल हाये.”

साहेबांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि हा तुझ्याच हाताचा घाम असेल, असं म्हणाले. खोटं नव्हतं, माझ्या कोपरावरून थेंब पडत होते. पण मला राग आला. घाम हाताला आहे, तो सरकीच्या पोटात कसा जाईल, असं मी विचारलं. विचारायचं त्यांनी होतं, हे लक्षात राहिलं नाही.

आता शेटजी बोलले. हा माल त्यांच्या स्वतःच्या वावरातला होता. सालदारानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यानं, कालच आणून टाकला होता. “बोल, पयला दर्जा हाये का नाही?”

‘होय सर’ म्हणायची हीच ती जागा. मला ती स्पष्ट दिसत होती. डवराही दिसत होता.

“नाही,” मी म्हणालो. “मले हाकलाचं तर हाकला. पन मारेल हाये.”

“तुले कसं मालूम?”

“आमी बी मारतो.”

मुलाखतीत खरं बोलावं असं सर म्हणाले होते, पण इतकं नाही. आणि मला त्याची लाजही वाटली नाही. फॅक्टरीच्या वजनकाट्यावर आमच्या कापसातलं काही ना काही वजन हवेत जायचंच. आम्ही ते घरूनच पाण्यानं भरून आणायचो. हेही मी शेटजींना सांगून टाकलं. एवढं बोललोच होतो, तर उरवायचं कशाला?

शेटजी उठले आणि तडक आवारातल्या त्यांच्या मालाच्या गंजीकडे निघाले. मागे साहेब, मागे मी. ओला कापूस दाबून राहिला की आतून तापतो. शेटजींनी बाही सारली, गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले. गंजी आतून तापली होती; सालदारानं परस्पर विकलेल्या कापसाचं वजन पाण्यानं भरून काढलं होतं, हे त्यांना कळलं. हात बाहेर काढला तेव्हा त्यांनी फक्त माझं गाव विचारलं.

“आसेगाव,” मी छाती काढून सांगितलं.

सोमवारपासून ये, म्हणाले.

घरी ही हकिगत मी मोठ्या ऐटीत सांगितली. बाबांचा घास हातातच राहिला. “खरं बोल्ला ते ठीक हाये,” ते म्हणाले, “पन गाव काहून सांगतलं?”

याचा अर्थ सोमवारी कळला. शेटजींचा हुकूम होता: आसेगावची गाडी आली की आधी कोपरापर्यंत हात, मग बाकीचं. आणि हात माझा. आठ दिवसांत गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. दुसऱ्या आठवड्यात आमचीच गाडी आली. बाबांनी वरचं गोणपाट स्वतः बाजूला केलं. “पाहून घ्या, सायेब,” म्हणाले. मागे रांगेत गाव उभं होतं आणि सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

मी हात घातला. आत कोमट होतं.

“ओला हाये, बाबा. दुसरा दर्जा.”

बाबांनी बैल वळवले आणि गाडी दुसऱ्या दर्जाच्या रांगेत नेली. घरी चार दिवस त्यांचं माझ्याशी बोलणं आईमार्फत चाललं.

पुढच्या खेपेला त्यांनी गाडी थेट माझ्यासमोर आणून लावली. मी बाही सारण्याआधीच त्यांनी एक सरकी उचलली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून दाताखाली धरली आणि अशी कडकन फोडली की शेजारच्या गाडीचा बैल दचकला.