करुप्पाला घर शिकवताना

नवरा गेल्यावर कामाक्षी तंजावरहून मद्रासला, तिरुवल्लिकेणीत भावाकडे राहायला आली. बरोबर एक ट्रंक आणि नवऱ्याचा लाडका काळा कुत्रा, करुप्पा. भाऊ राघोत्तम बँकेत कारकून होता. अरुंद, लांबट घरात कामाक्षीचं बस्तान मागच्या चौकाकडे. पुढच्या ओट्यावर तिने बसू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, पण ती बसत नसे.

एकोणीसशे साठ साल उजाडलं तेव्हा करुप्पाच्या डोळ्यांवर दुधी पडदा चढला. तो खांबांवर आपटू लागला, मग घाबरून न्हाणीजवळून हलेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, दृष्टी परत यायची नाही. राघोत्तमने दोरी आणली.

"बांधून ठेव, अक्का. पोरांच्या पायात येतो."

"नाही बांधणार," कामाक्षी म्हणाली. भावाला ती पहिल्यांदाच नाही म्हणत होती.

तिने प्रत्येक पायरीच्या आधी काथ्याचा तुकडा अंथरला, पंजाला कळावं म्हणून. वासाने दार ओळखता यावं म्हणून चौकटींना खालून कडुनिंबाचं तेल चोळलं. पदराला एक घुंगरू बांधलं. त्या आवाजामागे करुप्पा बिचकत पाऊल टाकू लागला.

भावजय महालक्ष्मी धावत आली. "अक्का, विधवेने घुंगरू वाजवत हिंडायचं? बाहेर पाहुणे बसलेत!"

कामाक्षीने घुंगरू सोडून ठेवलं. करुप्पा चौकातच थबकला, मान वाकडी करून आवाज शोधत.

मग कामाक्षी बोलू लागली. दिवसभर मोजकंच बोलणारी ती बाई आता मोठ्याने सांगत होती, "उंबरा आलाय, ओलांड. विहिरीकडे नको, इकडे ये." महालक्ष्मी रेडिओ मोठा करायची. तरी करुप्पा घर शिकला.

एका दुपारी तो थेट रस्त्याच्या दाराशी गेला आणि नखांनी दार खरवडू लागला. कामाक्षीने कडी काढली. दोघं कोपऱ्यापर्यंत गेली. समुद्राचा वारा लागताच करुप्पाने शेपटी हलवली. तेवढ्यात ऑफिसातून लवकर सुटलेला राघोत्तम समोर आला. लोकांच्या देखत तो एवढंच म्हणाला, "घरी चल, अक्का."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दाराला कुलूप लागलं. करुप्पा तरी रोज तिथे जाऊन फटीला नाक लावून पडायचा. कामाक्षी शेजारी बसे. त्याचे कान ताठ झाले की हळूच सांगे, "फुलवाली आहे रे. बस गेली."

पुढच्या वर्षी करुप्पाने तिथेच, दाराशी, प्राण सोडला. राघोत्तमने दुपारचं कुलूप कायमचं काढलं. कामाक्षी बाहेर गेली नाही.