वाद घालणारी सोबतीण

आमच्या घरामागे, खामगावच्या जुन्या वस्तीत, तेलाचा एक घाणा आहे. होळीच्या सुमारास तिथे नवा जवस यायला लागतो आणि दुपारच्या उन्हात ताज्या तेलाचा उग्र, किंचित कडसर वास भिंत ओलांडून माझ्या पडवीत येतो. शेजारणी नाकाला पदर लावतात. मी मात्र हातातलं शिवण मांडीवर ठेवून नुसती बसून राहते. तो वास मला नागपूरच्या वसतिगृहातल्या एका खोलीत घेऊन जातो. दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, आणि कोनाड्यात चिखलीहून आलेली जवसाच्या चटणीची बरणी. बरणी तिची होती. खोली आम्हा दोघींची.

तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि ती जेमतेम अठरा-एकोणीसची. माझे यजमान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मुलींच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवता शिकवता वर्षं अशी सरत होती, की जणू मीच दरसाल चौथीत नापास होत होते. मॅट्रिक घरीच अभ्यास करून झाले. मग मनाने घेतलं आणि नागपूरच्या सरकारी कॉलेजात नाव घातलं. आमच्या शाळेत दिवस प्रार्थनेनं उगवायचा आणि प्रार्थनेनं मावळायचा. कॉलेजात कुठल्याच देवाचं नाव निघत नसे. निघालं, तर तपासायला टेबलावर ठेवल्यासारखं. मला त्याचं भय वाटलं आणि ओढही वाटली. जन्मभर ज्या गोष्टी मी आमच्याच ख्रिस्ती माणसांत बोलत आले, त्या बाहेरच्या उजेडात कशा दिसतात, हे मला एकदा पाहायचं होतं.

तो उजेड लवकरच डोळ्यांवर आला. तर्कशास्त्राचे आमचे प्राध्यापक विलायतेहून नुकतेच परतलेले, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने सरळ. एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, सिद्ध करता येत नाही तरी खरी वाटते अशी एखादी गोष्ट कुणाजवळ आहे का? मी उभी राहिले. म्हटलं, "माणूस कितीही हलक्या घरचा असो, देव त्याला नावानं ओळखतो, हे मला खरं वाटतं." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ज्वारीपायी बाटलेल्यांचा देव!" हशा पिकला. प्राध्यापकांनी टेबलावर हात आपटला, पण मी तोवर बोलून गेले होते. "हो, ज्वारीपायीच. माझी आजी दुष्काळात रस्त्यावर पडली होती. ज्यानं तिला खाऊ घातलं, त्याला तिनं विचारलं, तू कोणाचा माणूस? तिथून आमचा धर्म सुरू झाला. मला त्याची लाज वाटत नाही."

त्या दुपारी ती खोलीत आली, पुस्तकं खाटेवर टाकली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, तुम्ही लय चांगलं बोलल्या. पण मले पटलं नाही."

"काऊन?" मी विचारलं. आपल्या जिल्ह्याचं माणूस भेटलं की माझी जीभही आपोआप वऱ्हाडी होते.

"खाऊ घालीन तो देवाचा माणूस, तर माहे आजोबाही देवाचेच. त्याच दुष्काळात त्याईनं धान्याची पेवं उघडली होती. मंग तुमची आजी आमच्या दारी आली असती तर तुम्ही आज कोण असत्या?"

त्याचं पुरतं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही. पण त्या क्षणी जो आनंद झाला, तसा माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. आमची माणसं माझं बोलणं मान डोलावून ऐकत, परकी माणसं तोंड फिरवून. ते हातात घेऊन, उलटंसुलटं करून, नखानं टोकरून पाहणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

मग तो आमचा नेमच झाला. संध्याकाळी तलावाच्या काठाने आम्ही चालत असू आणि ती भांडत असे. आमच्या कळवळ्याच्या देवाशी, तिच्या घरच्या देव्हाऱ्याशी, प्राध्यापकांच्या देव नसण्याशीही. क्षमेबद्दल मी काही बोलले की ती विचारी, ज्याचं काही गेलंच नाही त्यानं क्षमा करण्यात काय मोठेपणा? मी पुन्हा शुभवर्तमान उघडत असे, आणि जे वाक्य मी हजारदा मुलींकडून पाठ करून घेतलं होतं ते मला नव्यानं वाचावं लागे. तिनं ख्रिस्ती व्हावं असं माझ्या मनात नव्हतं का? होतं. ते मी तिच्यापासून लपवलंही नव्हतं. ती हसून म्हणे, "तुम्ही प्रयत्न करा बाई, मी बसली हाय."

एक गोष्ट मात्र ती हसून बोलत नसे. तिच्या घरी एक आत्या होती. लहानपणीच विधवा झालेली, केशवपन केलेली, दिवसभर राबून मागच्या खोलीत निजणारी. एका संध्याकाळी माझी सोबतीण चालता चालता थांबली. "देव सगळ्याईले नावानं वळखतो म्हणता ना? माह्या आत्याले घरात कोणी नावानं हाक मारत नाही. तुमच्या देवाले तिचं डोकं दिसत नाही का?"

मी म्हटलं, "दिसतं. आमचा देव अशा माणसांसाठी रडलेला आहे."

"रडून काय होते, बाई? मीही रडते."

मी म्हणाले, की ज्याला दिसलं त्यानं उठून काही करावं, एवढंच देव मागत असेल. माझं बोलणं तिनं खोडलं नाही, अशी ती पहिलीच वेळ. मी मनातून सुखावले.

दिवाळीच्या सुट्टीत ती चिखलीला गेली आणि भरल्या घरात वडिलांना म्हणाली, आत्याचे केस आता वाढू द्या, ती माणूस आहे. पाहुणेरावळे होते, भाऊबंद होते. हे तुला कोणी शिकवलं, असं कोणीतरी विचारलं. तिनं माझं नाव सांगितलं. वाईट हेतूनं नाही. कदाचित तिला माझा अभिमान वाटला असेल. पण ऐकणाऱ्यांना नावातला धर्म तेवढा ऐकू आला. पोरगी बाटणार, ही बातमी दिवाळीचे दिवे विझण्याआधी गावभर झाली.

तिचे वडील तिचं सामान न्यायला एकटेच आले. उंच, शांत माणूस. डोक्याला पांढरा फेटा, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढलेल्या. मी शिव्याशापांची तयारी ठेवली होती, पण त्यांनी मला हात जोडले. "बाई, तुमच्यावर राग नाही. पण तिचं आता पुरे झालं." मी काही म्हणेपर्यंत त्यांनी पुस्तकं बांधून घेतली. बरणी तेवढी कोनाड्यातच राहिली.

परीक्षा झाल्यावर मला राहवलं नाही. खामगावहून सर्व्हिस मोटारीनं चिखलीला गेले आणि विचारत विचारत त्यांचं घर गाठलं. ओसरीवर सतरंजी घातली गेली, बाटलेल्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा आला. मी त्यांना म्हटलं, "दादासाहेब, माझा शब्द घ्या. ती ख्रिस्ती होणार नाही. ती माझं एकही ऐकत नाही."

ते हसले. त्या हसण्यात किती थकवा होता! "ते मले ठाऊक हाय, बाई. तुमचं ऐकत नाही, माहंही ऐकत नाही. उद्या सासूचं कोण ऐकीन? बीबी गावचं स्थळ हाय. माणसं चांगली हायेत. ह्या बभ्र्यानंतरही ते हो म्हणून राह्यले, हे आमचं नशीब." मग खाली पाहत म्हणाले, "तिच्यासारखी हुशार आमच्या घरात झाली नाही. पण मी तिले कुठं ठेवू, सांगा."

धर्माच्या भिंतीशी झगडायला गेलेली मी, एका बापाच्या काळजीसमोर गप्प बसले. ती घरात होती, पण तिला बाहेर बोलावलं नाही. निघताना गोठ्याच्या बाजूला अंगावर विधवेचं लाल आलवण घेतलेली एक बाई उभी होती. पदर पुढे ओढून ती एवढंच म्हणाली, "माह्यापायी पोरीचं शिक्षण गेलं, बाई." आणि आत निघून गेली.

माझं शिक्षण पुरं झालं. बी.ए. होऊन खामगावच्या शाळेत परतल्यावर मान वाढला, सभांमधून बोलावणी आली. मी बोलायची ते लोकांना पटायचं. बरीच वर्षं अशी गेल्यावर एका सकाळी ती दारात उभी राहिली. सासूचा मोतीबिंदू काढायला खामगावच्या इस्पितळात आणलं होतं, म्हणाली. कडेवर मूल, अंग भरलेलं, कपाळावर मोठं कुंकू. पाटावर अंग चोरून बसली. मुलांची, पेरणीची, सासूच्या पथ्याची माहिती सांगत राहिली. सगळं सुखाचं होतं. मला मात्र त्या चेहऱ्यामागची ती कमरेवर हात ठेवणारी मुलगी हवी होती. म्हणून मी मुद्दामच बोलले, जे मी स्वतः इतक्या सोपेपणानं कधी मानलं नाही. म्हटलं, "शेवटी देव जे करतो ते भल्यासाठीच करतो, नाही का?"

आणि वाट पाहिली.

"हो बाई," ती मुलाचं नाक पुसत म्हणाली. "खरं हाय तुमचं."

जन्मभर माझं म्हणणं कुणाला तरी पटावं म्हणून मी धडपडले. त्या सकाळी ते पटलं, आणि ते मला नको होतं.

जाताना उंबऱ्याशी थांबून तिनं सांगितलं, की आत्या मागच्या साली वारली. शेवटची दोन-तीन वर्षं तिनं केस ठेवले होते. वडिलांनी पाहिलं, पण काही म्हटलं नाही. एवढं सांगून ती उन्हात उतरली. सासू वाट पाहत असेल, म्हणाली.

ते तिच्या बोलण्यानं झालं, की वडिलांचं मन वयानं मऊ पडलं, की आत्यानंच एके दिवशी न्हाव्यापुढे बसायचं नाकारलं, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. काळ माणसांना हळूहळू बदलतो खरा, पण ज्यांनी पहिला शब्द काढला त्यांच्या नव्हे, तर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला तो बदल बहुधा येतो. मी अजून रोज प्रार्थनेला बसते. अडचण एवढीच, की प्रत्येक ओळीला तिनं घेतलेली हरकत मला आधी ऐकू येते, त्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं, आणि मगच "आमेन"पर्यंत पोचता येतं. तिच्या शंका माझ्याकडे राहिल्या. तिच्याकडे माझं काय राहिलं, हे बीबीच्या त्या घरात कुणाला ठाऊक असेलसं वाटत नाही. कदाचित तिलाही नाही.