कूलरच्या समोरची खिडकी

नागपूरजवळ हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला एक जर्मन इंजिनीअर येणार होते. प्रशासन विभाग माझ्याकडे, म्हणून त्यांच्या राहण्याखाण्याची जबाबदारीही माझ्याकडे आली. मला अशी कामं आवडतात. मच्छरदाणी, पाण्याचे जार, सिमकार्ड, कंपनीच्या बसचा थांबा, डबेवाली, सगळं ते यायच्या आधीच मार्गी लागलं होतं. हॉटेल नको, वस्तीत राहायचंय, असा त्यांचाच आग्रह होता. म्हणून एका काकूंच्या घराचा वरचा मजला घेतला. तिथलं वायरिंग जुनं, एसीचा लोड झेपला नसता. तेव्हा एका खिडकीला चांगला मोठा कूलर बसवला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या.

मार्च मजेत गेला. ते तर्री-पोहे खायला शिकले, डोळ्यांतून पाणी गाळत, पण प्लेट साफ करून. हात पुढे धरून रस्ता ओलांडायला शिकले. बसमधले फिटर त्यांना रोज एक नवा शब्द शिकवत. त्यातले काही ऑफिसात वापरू नका, असं मला सांगावं लागलं.

एप्रिलात कूलर सुरू झाला आणि माणूस सुकत चालला. डोळे लाल, मीटिंगमध्ये डुलक्या. मेमधल्या एका शनिवारी त्यांनी मॅनेजर साहेबांना लिहून दिलं : झोप होत नाही, मला परत पाठवा. यंत्र अर्धंच उभं होतं. दुसरा माणूस दिवाळीनंतर मिळणार होता, आणि या यंत्रासाठी घेतलेले कामगार तोवर घरी बसले असते.

"मॅडम, सोमवारी मी त्यांचं तिकीट काढतो," साहेब म्हणाले. "त्याआधी काही करता येत असेल तर बघा."

रविवारी सकाळीच मी त्यांच्या घरी गेले. काकू फाटकाशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"कोणाले भेटाले आली वं? तुह्या सायबाले?"

"हो. बरे आहेत ना ते?"

"मले काय मालूम? लय घमंडी माणूस हाय बाई. कायम खिडक्या लावून राह्यते. माह्या फोडणीचा वास सोसत नसन त्याले. मी बी मंग वर पाहत नाही."

वर गेले. दार उघडलं आणि कुकरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. कूलर जोरात चालू. बाकीच्या दोन्ही खिडक्या घट्ट बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. भिंती दमट, चादर ओली, आणि मधोमध घामाने निथळणारे इंजिनीअर.

"खिडक्या का लावल्यात?" मी विचारलं.

"मशीनचा आवाज फार आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "खाली वयस्क बाई राहतात. आमच्याकडे रविवारी कुणी ड्रिल चालवलं तरी शेजारी तक्रार करतात. त्यांना त्रास नको."

मला हसू आवरेना. कूलर जेवढी हवा आत फेकतो तेवढी बाहेर जायला वाट लागते, हे नागपुरात कोणी कोणाला सांगत नाही. समोरची खिडकी उघडी असतेच. मी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. जरा वेळाने पडदे बाहेरच्या बाजूला फडफडू लागले. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"पण आवाज?" त्यांनी तरी विचारलंच.

मी खिडकीतून वाकले. "काकू, या कूलरचा तुम्हाला त्रास होतो का?"

"कायचा त्रास? माहा कूलर लागला का दारावरची बेल ऐकू येत नाही. त्याचा तर मांजरावानी घुरघुरते."

खिडक्या का बंद होत्या ते मी सांगितलं. काकूंच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

"माह्यासाठी?" त्या म्हणाल्या. मग मान वर करून थेट त्यांनाच, "येडा हाय का गा तू? जेवाले ये खाली."

"तिखट जरा कमी करा, काकू," मी वरूनच म्हणाले.

"ते तू नको सांगू मले."

सोमवारी बस थांब्यावर आली, इंजिनीअर मात्र तिथे नव्हते. ड्रायव्हरचा मला फोन. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मी काकूंना फोन लावला.

"झोपून राह्यला तो," काकू म्हणाल्या. "घोरणं अंगणात ऐकू येते."

"उठवता का जरा?"

"नाही उठवत. महिन्याभराची झोप हाय ते. तुमचं यंत्र काय पळून चाललं?"

मी ड्रायव्हरला निघायला सांगितलं आणि साहेबांना म्हणाले, "तिकीट काढू नका."

जेवणाच्या सुट्टीत ते ऑटोने आले, गालावर उशीची घडी उमटलेली. सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि शनिवारचा कागद परत मागितला. साहेबांनी तो लगेच दिला.

"उद्या तरी वेळेवर याल ना?"

"काकूंना विचारून सांगतो," ते म्हणाले आणि यंत्राकडे निघाले.