कौसाअक्काकडे थांबलेल्या साड्या

कौसाअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर पांढऱ्या टोप्या होत्या. डोक्यावर घालायच्या टोप्या, पण पंजा आत घालून हातांवर चढवलेल्या. चकलांब्याच्या शाळेवर मी नवीनच हजर झाले होते आणि राहायला खोली शोधत शेजारच्या घरात डोकावले होते. ही बाई चुलीवरच्या जर्मनच्या पातेल्यातून नानखटाईचं गरम ताट त्या टोप्यांनी धरून बाहेर काढत होती. मी बघतच राहिले. तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आमच्या मालकाला सत्कारात भेटल्यात, बाई. डोक्याला एक पुरती. बाकीच्यांचं काय लोणचं घालू?"

मालक म्हणजे भास्करदादा, गावातलं वजनदार माणूस. लग्न, वास्तुशांत, दुकानाचं उद्घाटन, दादा कुठेही गेले तरी टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊनच परतायचे. इतर पुढाऱ्यांच्या घरची टोपी पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. अक्काच्या घरी आलेली टोपी घरातच कामाला लागायची. एकीतून चहा गाळला जायचा. एकीचं टोक कापून अक्कानं केकवर क्रीमची फुलं काढायचा कोन केला होता. दादांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी टोप्या घालून दादांचा जयजयकार केला आणि टोपीतून उमललेले गुलाब "एक नंबर हाय" म्हणत फस्त केले. गुलाब कुठून आले ते अक्कानंही सांगितलं नाही आणि मीही नाही.

तिची भट्टी म्हणजे ते पातेलं, तळाला चार बोटं वाळू आणि वर झाकणावर निखारे. आमच्या गेवराई तालुक्यात वाळूवरून ट्रक अडवतात, पंचनामे होतात, सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अक्काच्या पातेल्यात मात्र गोदावरीची दोन ओंजळी वाळू वर्षानुवर्षं विनापरवाना भाजत होती. प्रत्येक पाहुण्याला नानखटाई देताना ती बजावायची, "खा पोटभर, पण तहसीलात नका सांगू."

रविवारी दुपारी सगळं घर शिवायला बसायचं. अक्का कापायची, तिची लेक मनीषा मशीनवर बसायची आणि भास्करदादा चष्मा नाकावर ओढून सुईत दोरा ओवायचे. बाहेर ओट्यावर कार्यकर्ते ताटकळत असत. "दादा मीटिंगमधी हायत," असं मनीषा आतूनच ओरडून सांगायची. एकदा दोरा तिसऱ्यांदा हुकल्यावर दादा वैतागले, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाली, "आवं, माणसं जोडता म्हणून भाषणात सांगता. हितं दोन फडकी जोडायची हायत निस्ती."

आता आमच्याकडच्या साड्यांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय अक्का कळायची नाही. इथे कापडाच्या दुकानात शिरलं की दुकानदार आधी विचारतो, "नेसायला दाखवू का द्यायला?" द्यायची साडी वेगळी असते. ती दिसायला झगझगीत असते आणि नेसण्यासाठी नसते, हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. ती ओटीत येते, घडी न मोडता ट्रंकेत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत पडते. काही साड्यांनी माझ्यापेक्षा जास्त जिल्हा पाहिलेला आहे. सगळ्या बायका सगळ्यांना देतात, सगळ्या हसतमुखानं घेतात आणि त्या साडीची एकही निरी कधी कुणाच्या अंगावर पडत नाही.

अक्काला ही रीत मान्य नव्हती. कुणी साडी दिली की ती दुसऱ्या दिवशी नेसायची. नेसण्याच्या लायकीची नसली तर कात्री लावायची. "साडी हाय का टपाल, फुडं फुडं धाडायला?" असं म्हणत तिनं कित्येक झगझगीत साड्यांच्या गोधड्या, अभ्रे, पडदे आणि दळणाच्या पिशव्या केल्या होत्या. तिच्या घरी गेलेल्या बाईला आपण दिलेली साडी खिडकीत लटकताना दिसायची. बाई मनातून जळायची, पण बोलणार काय? ती साडी तिनं तरी कुठे विकत आणलेली असायची!

मी शहाणी, शिकलेली, मुलांना खरं बोलायला शिकवणारी. तरी पहिल्या संक्रांतीला मीही तेच केलं. भावाच्या लग्नात मला आलेली एक जांभळी साडी, "खास तुमच्यासाठी घेतली," असं म्हणून अक्काच्या ओटीत घातली. दुसऱ्या दिवशी ती नेसूनच अक्का शाळेच्या हळदीकुंकवाला आली आणि सरपंचबाईंपासून स्वयंपाकीण मावशींपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली, "बाईंनी खास घेतली माह्यासाठी!" दुपारच्या उन्हात घाम आला तशी तिची मान जांभळी झाली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. अक्का म्हणाली, "रंगाला लई पक्की हाय बगा, अंगाचा सुटंना." आठवड्याभरात त्या साडीची तिनं फळा पुसायची चार जाडजूड फडकी शिवून माझ्या वर्गात आणून दिली. पुढची तीन वर्षं मी माझ्याच लबाडीनं फळा पुसत होते. त्यावरून ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

मनीषा नर्स झाली, गेवराईच्या एका दवाखान्यात लागली आणि घरात स्थळं बघायला सुरुवात झाली. तीन ठिकाणी नकार आला. पोरगी हसेनाशी झाली. मग आष्टीकडचं एक स्थळ आलं. मुलगा कृषी खात्यात होता आणि दोघांनी एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं. फोनवर बोलताना मनीषाचा आवाज बदललेला मलासुद्धा माझ्या शेजारच्या खोलीत भिंतीपलीकडून कळायचा. अक्का त्या दिवसांत पातेल्यातली नानखटाई करपवायला लागली. "एवढं एक जमू द्या, बाई. पोरगी लई गुतलीय त्याच्यात," ती मला म्हणाली. अडचण एकच होती. मुलाची आई सुमनबाई मानपानाला कडक, असं ऐकून होतो.

सुपारी फुटली त्या दिवशी सुमनबाईंनी अक्काला साडी दिली. मेंदी रंगाची, काठाला ठसठशीत मोर. अक्का दुसऱ्या दिवशी ती नेसायला गेली तर पिन लावताच साडी टरकन फाटली. मग काय व्हायचं ते झालं. संध्याकाळी दादांनी घरी येऊन पाहिलं तर बैठकीतल्या गादीवर आणि लोडांवर ओळीनं मोर बसलेले.

"आगं, इहिणीनं दिल्याली साडी ना ती!"

"व्हय. आता इहीण आली की तिच्यावर बसंल. घरचीच हाय."

दादांनी कपाळावर हात मारला. आणि तिसऱ्याच दिवशी आष्टीहून फोन आला, उद्या सकाळी तारीख काढायला येतोय.

सकाळी मी मदतीला गेले. दादांनी सगळ्या मोरांवर पांढरी चादर घातली होती आणि चारी कोपरे स्वतःच्या हातानं खोचले होते. व्याही आले, सुमनबाई आल्या, मुलाची थोरली आत्या आली. सुमनबाई अंगानं भक्कम होत्या. त्या गादीवर बसल्या, मागे सरकल्या आणि चादर त्यांच्याबरोबर सरकली. लोडावरचा मोर नेमका त्यांच्या कोपराशी उघडा पडला.

सुमनबाईंनी मोराकडे पाहिलं. काठावरून हळूच बोट फिरवलं. "हे कापड कुठलं, इहीणबाई?"

"गेवराईचं!" दादा घाईनं म्हणाले.

"न्हाई," अक्का म्हणाली. "तुमीच दिलंत की, सुपारीच्या दिवशी. नेसाया गेले तर फाटलं. मग म्हणलं, तुमची आठवण तरी ऱ्हावी घरात."

मी चहाचा ट्रे घाईनं पुढे केला. दाराआड मनीषा उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना. सुमनबाई काही बोलणार एवढ्यात मुलाची आत्या चष्मा पुशीत लोडावर वाकली.

"आगं सुमन, ही तर म्या तुला दिलती! तुह्या घरभरणीला!"

सुमनबाईंनी लोडावरचं बोट मागे घेतलं. साडी कापली म्हणून रागवावं तर तीच साडी पुढे ढकलल्याचं कबूल करावं लागत होतं. आत्याला सुमनबाईंचा राग आला होता, पण तिच्याही चेहऱ्यावरून कळत होतं की साडी तिनंही दुकानातून आणलेली नव्हती. साडी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं राग मागे मागे निघाला आणि कुणाच्या ट्रंकेपर्यंत जाऊन थांबला असेल देव जाणे. कुणालाच भांडता येईना. व्याही मात्र पुरुषमाणूस, त्यांना एवढंच कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी चहा संपवला आणि उठत म्हणाले, "बरंय मग. तारखेचं बगू फुडं. फोनवर बोलू."

या "फोनवर बोलू"चा अर्थ त्या घराला तीनदा कळलेला होता.

निघणाऱ्या विहिणीची ओटी तर भरायलाच हवी आणि ओटीत साडी हवी. अक्का आत गेली, तिच्यामागे मी. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी ट्रंकेतून वीस साड्या निघाल्या असत्या. अक्कानं कपाट उघडलं तर आत तिच्या नेसायच्या पाचच साड्या. बाकी सगळ्या घरभर पसरलेल्या होत्या, खिडक्यांना, उशांना, गाद्यांना.

"माझ्याकडे एक कोरी आहे. पळत जाऊन आणते," मी म्हणाले.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "कुणी दिल्यालीच ना?"

दाराकडे टाकलेलं पाऊल मी मागे घेतलं.

तिनं हिरवी इरकल बाहेर काढली. मनीषानं पहिल्या पगारातून आईला घेतलेली ती साडी. अक्का ती सणावाराला सुद्धा जपून नेसायची.

"अक्का, नेसलेली साडी विहिणीला देता? होणारं लग्न मोडेल."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. तिनं साडीची घडी हातानं सारखी केली. "पण खोटी आता कुठून आणू?"

बाहेर येऊन तिनं सुमनबाईंना कुंकू लावलं, खण, नारळ आणि नानखटाईचा पुडा ओटीत घातला आणि वर ती इरकल ठेवली. "कोरी न्हाई माह्याकडं, इहीणबाई. ही सणावाराला नेसली हाय. माह्या लेकीनं घेतली मला. अंगाला लई मऊ लागती."

आत्यानं तोंडाला पदर लावला. दादा जमिनीकडे बघत उभे होते. त्या क्षणी मला अक्काचा संताप आला होता आणि तिचा अभिमानही वाटत होता. आयुष्यभर कोऱ्या साड्या देऊन मी एकदाही कुणाला काही दिलं नव्हतं.

सुमनबाईंनी पदर दोन बोटांत धरून चोळला. मग आमच्याकडे चारचौघांत कुणी करत नाही ते त्यांनी केलं, घडी मोडली. साडी अंगाशी लावून खाली काठापर्यंत पाहिली. गुडघ्याशी हळदीचा एक बारीक डाग होता, तोही त्यांनी पाहिला.

"हिच्यावरचं झंपर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"तुमाला व्हायचं न्हाई ते," अक्का कशीबशी म्हणाली.

"उसवून बसवीन. तुमी शिकवा. पण नेसायची तर जोडीनंच पायजे."

उंबऱ्यात एक पाय चपलेत घातलेले व्याही थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, चप्पल काढली आणि परत आत येऊन मोरावर बसले. "भास्करराव, पंचांग काढा बरं," ते म्हणाले.

अक्का झंपर आणायला आत वळली. ते कपाटात समोरच, वरच्या घडीला होतं. ती मात्र आमच्याकडे पाठ करून बराच वेळ शोधत राहिली.