‘तोंडाळ’ कंपनीच्या बाई

शिंप्याला कुणी बाईंबद्दल विचारलं, तर तो आधी नकारार्थी मान हलवतो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून शेजार. पण बाई एकट्या का राहतात, जेवतात कधी, हेसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हतं. जे कळलं ते भिंतीतून.

बाई आधी टेलिफोन खात्यात होत्या. नोकरी सोडून त्यांनी शेजारची खोली भाड्याने घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि ‘तोंडाळ’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. सुरुवातीला दुकानांच्या जाहिराती व्हायच्या. मग त्यांचा भाचा मित्रांना घेऊन आला आणि रॅप सुरू झालं. नळाला पाणी नाही, नोकरीला वशिला नाही आणि ओळीओळीला शिवी. रेडिओने गाणी नाकारली, तशी ती गल्लोगल्ली वाजू लागली. एका शाळेने बंदी घातली, तेव्हा तर बाईंना मागणीएवढ्या कॅसेटी पुरवता येईनात.

“बाई, शिव्या जरा कमी...” शिंपी एकदा चाचरत म्हणाला.

“कापडाला सुरकुती पडते तशी यांच्या बोलण्याला शिवी. मी काय इस्त्री करायला बसलेय?”

शिलाई मशीनची खडखड माईकमध्ये शिरायची. म्हणून ठरलेलं होतं, बाईंनी भिंतीवर दोन थापा मारल्या की शिंप्याने पायडलवरचा पाय उचलायचा. मग समोर गिऱ्हाईक तिष्ठत बसलं तरी बेहत्तर.

अशात ते गाणं आलं. कपड्यांच्या एका कारखान्यात दाराला बाहेरून कुलूप असे. आग लागली तेव्हा आतल्या बायका आतच राहिल्या. भाच्याची आई, म्हणजे बाईंची बहीण, त्यांतलीच. गाण्यात कारखानदाराचं नाव होतं आणि नावाला चिकटून शिवी. कारखानदार चवताळला. खोलीचा मालक त्याचाच मेहुणा निघाला. तो दारात येऊन म्हणाला, “नाव गाळून गाणं पुन्हा करा, नाहीतर महिनाअखेर खोली खाली करा. बाकी काय हवं ते गा.”

त्या दिवसापासून पलीकडे बाईंच्या चपला थाऱ्यावर राहीनात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या नादात शिंप्याने एका शर्टाला खिसा उलटा लावला.

“मावशी, एका नावापायी कंपनी बुडवू नकोस,” भाचा म्हणत होता. “पोरं कुठे जातील?”

“गप बस. विचार करू दे.”

अखेर दोन थापा पडल्या. शिंप्याने पाय उचलला. भाचा गाऊ लागला, नावाच्या जागेपाशी आला आणि अडला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच अडला.

“काय हो, मशीन बिघडलं का?” गिऱ्हाईकाने विचारलं.

“नाही. जरा दम धरा.”

“आण तो माईक इकडे,” पलीकडून बाई म्हणाल्या. मग त्यांच्या घोगऱ्या आवाजात कारखानदाराचं नाव आलं आणि पाठोपाठ ती शिवी, अशी खणखणीत की गिऱ्हाईकाने निमूटपणे चपला चढवल्या. शिंप्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी गाणं संपेपर्यंत त्याने पाय खाली टेकवला नाही.

महिनाअखेर टेम्पो आला. गाद्या, पेट्या, वायरींची भेंडोळी चढली. बाई शिंप्याच्या दारात आल्या.

“ही किल्ली मालकाला द्याल? मला त्याचं तोंड बघायचं नाही.”

“देतो की. चहा सांगू?”

“नको, टेम्पोवाला खोळंबलाय.”

“बरं. पायरी ओली आहे, जपून उतरा.”

“हो, बघते.”