उंबऱ्याबाहेरची साक्ष

"तू पगडी घाल बे. इतिहास आमी बघतो."

वकीलसाहेब हे सगळ्यांसमोर बोलले. आमच्या तालुका कोर्टाच्या इतिहासाचं पुस्तक निघणार होतं आणि ते समितीचे अध्यक्ष. प्रकाशनाला मी जुन्या काळातला चोपदार व्हायचं. लाल पट्टा लावून पाहुण्यांच्या नावांचा पुकारा करायचा. सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून दातांत अडकलंय.

मी रेकॉर्ड रूमचा दफ्तरी. इतिहासात एम.ए. निजामाच्या काळातल्या मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, उर्दूत, आणि समितीत उर्दू कुणालाच येत नाही. मला कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्या चाचांनी शिकवली. चार महिने कापडात बांधलेले बस्ते सोडून, वाळवी झटकून मी वाचत होतो, साहेब लिहून घेत होते. पुस्तकात झेरॉक्सवाल्याचेही आभार आहेत. माझे नाहीत.

एका मिसलीत माझा आजा सापडला. विहिरीला शिवली म्हणून आमच्या वस्तीतल्या बाईला मारलं होतं, त्याचा साक्षीदार. मुन्शीनं लिहिलंय: साक्षीदार उंबऱ्याबाहेर उभा, बोलणं शिपायामार्फत. आणि निकालात: साक्षीदाराचा आवाज कोर्टाला ऐकू आला नाही, सबब साक्ष ग्राह्य नाही. आरोपी सुटला. आडनाव ओळखीचं. वकीलसाहेबांचा आजा.

घरी बापाला वाचून दाखवलं. ऊस तोडून चिरलेले हात माझ्या बापानं मांडीवर पुसले. मग म्हणाला, "बोललाच आसंल की. लई बोलला आसंल. आत कुणी घेतलंच न्हाई त्याला."

साहेबांनाही वाचून दाखवलं. त्यांनी नाश करायच्या कागदांची यादी पुढं सरकवली.

"ह्ये पुस्तकात कावून पाह्यजे? यादीत चढव. सही कर."

कागद जाळायचे तर दफ्तरीची सही लागते. वाळवीला लागत नाही, पण वाळवी आडनाव बघून खात नाही.

"न्हाई करत."

"काय म्हणलास?"

"ऐकू आलं न्हाई का साहेब? मी आत उभा हाय."

प्रकाशन झालं. पगडी टेबलावरच राहिली. आठवड्यात माझ्या बदलीचा कागद आला. जाईन.

पण त्या मिसलीची नक्कल मागणारा पहिला अर्ज बापाच्या अंगठ्यानिशी दाखल झालाय. पाठोपाठ वस्तीतल्या एकेका घराचा मी लिहितोय. इतके अर्ज पुढ्यात असताना ती मिसल कोण जाळतो, ते मला बघायचंय. प्रत्येक अर्ज उंबरा ओलांडून, आत जाऊन द्यायचा. पोच घेतल्याशिवाय बाहेर यायचं नाही.